मोजलेली भूमी आणि लिहिलेले गाव

एम. ए.च्या वर्गात तौलनिक साहित्याभ्यासाच्या तासाला आम्ही काही वर्षे विला कॅथर यांची 'माय आंतोनिया' (१९१८) ही कादंबरी चर्चेला घेत आलो आहोत. प्रादेशिक कादंबरीची लक्षणे सांगायची, 'प्रदेश हेच या कादंबरीतील खरे पात्र होय' हे ठरलेले विधान फळ्यावर लिहायचे आणि निवेदकाच्या स्मरणरंजनाकडे वळायचे, असा आमचा शिरस्ता होता. एका वर्षी आमच्यापैकी एकाच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कादंबरीतले ब्लॅक हॉक हे गाव लेखिकेच्या रेड क्लाउड या गावावरून घेतले आहे, असे तुम्ही सांगितलेत. मग हे रेड क्लाउड कोण?" एका इंडियन सरदाराचे नाव आहे, असे उत्तर दिले गेले. तिने पुढे विचारले, "म्हणजे त्याचे लोक तिथे राहत होते का?" त्यावर "हो, राहत असणार," असे म्हणून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे गेलो.

ते उत्तर चुकीचे होते. चूक लहान वाटते, परंतु तिचा माग काढताना आमची प्रादेशिकतेविषयीची समजूतच डळमळीत झाली. प्रदेश म्हणजे निसर्ग, बोली आणि चालीरीती यांचे आयते मिळालेले मिश्रण, लेखक ते उचलतो आणि त्यात पात्रे सोडतो, असे आपण गृहीत धरतो. आमचे म्हणणे असे आहे की प्रदेश आयता नसतो. तो कोणीतरी मोजलेला, वाटलेला आणि दप्तरात नोंदलेला असतो, आणि ही घडण वाचल्याखेरीज प्रादेशिक कादंबरी पूर्ण वाचून होत नाही. रेड क्लाउड या चिमुकल्या गावाइतके याचे स्वच्छ उदाहरण आम्हांला दुसरे आढळलेले नाही.

आधी हे गाव कोठे आहे ते पाहू. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्याच्या दक्षिण सीमेलगत, रिपब्लिकन नदीच्या उत्तरेस रेड क्लाउड वसले आहे. येथून सुमारे सहा मैल दक्षिणेस गेले की कॅन्सस राज्य लागते आणि आणखी थोडे पुढे, लेबनन या गावाजवळ, अमेरिकेच्या सलग अठ्ठेचाळीस राज्यांचा भौगोलिक मध्यबिंदू मानला जातो. देशाच्या जवळजवळ नेमक्या मध्यावरचे हे गाव. गावाच्या उत्तरेला रिपब्लिकन आणि लिटल ब्लू या नद्यांच्या मधला उंच माळ आहे. स्थानिक लोक त्याला 'डिव्हाइड' म्हणतात. कॅथर यांच्या कादंबऱ्यांत हा शब्द पुन:पुन्हा येतो आणि भाषांतरकार तो अनेकदा नुसता 'पठार' म्हणून मोकळे होतात. वस्तुत: तो पाणलोट विभागणारा माळ आहे. येथे पावसाची वार्षिक सरासरी पंचवीस इंचांच्या आसपास आहे, म्हणजे एखादे वर्ष भरभरून देणारे आणि एखादे सर्वस्व नेणारे. अमेरिकी मैदानांचा इतिहास लिहिणाऱ्या वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांनी १९३१ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या रेखावृत्ताच्या आसपास पूर्वेकडची ओली शेती संपते आणि जगण्याच्या रीती बदलाव्या लागतात, असे मांडले. रेड क्लाउड या रेषेच्या किंचित पश्चिमेला येते.

हे झाले निसर्गाने दिलेले. आता माणसाने आखलेले पाहू. नेब्रास्का आणि कॅन्सस यांची सीमा म्हणजे चाळीसावे अक्षवृत्त, आणि तीच या भागातील सरकारी जमीनमोजणीची आधाररेषा. १८५५ मध्ये या रेषेपासून मोजणीला सुरुवात झाली. मोजणीदारांनी सहासष्ट फुटी साखळी टाकत सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात एक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. त्याला 'सेक्शन' म्हणतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सेक्शनचा चौथा हिस्सा, म्हणजे १६० एकर जमीन, पाच वर्षे तेथे राहून कसणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळू लागली. असे सोळा मोठे चौकोन, चार आडवे आणि चार उभे, एकत्र घेतले की वेब्स्टर काउंटी होते. नकाशावर ती चोवीस मैल बाजूचा चौरस दिसते. या चौरसाला ना नदीने आकार दिला ना डोंगराने. नदी तर त्यातून तिरकी निघून जाते, चौरस तिची दखलही घेत नाही.

या चौरसाचे मुख्य ठाणे म्हणजे 'काउंटी सीट', रेड क्लाउड. आपल्याकडे 'तालुक्याचे गाव' म्हटले की कचेरी, कोर्ट आणि बाजार डोळ्यांसमोर येतात. काउंटीचे मुख्य गाव थोडेफार तसेच. जमिनीची खरेदीखते, गहाणखते, वारसांचे दावे, लग्नाचे परवाने, करवसुली, तुरुंग आणि अपमृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर असे सारे त्या एका गावी. ज्या गावाला हे ठाणे मिळे ते तरून जाई, न मिळे ते बहुधा विरून जाई. १८७० मध्ये सायलस गार्बर या यादवी युद्धातील कॅप्टनने आपल्या साथीदारांसह येथे वस्ती केली आणि पुढच्याच वर्षी, टेकडीत खोदून केलेल्या त्याच्या घरात, काउंटीची पहिली निवडणूक झाली. पुढे १८७५ ते १८७९ या काळात गार्बर नेब्रास्काचा गव्हर्नर होता. अशा रीतीने रस्ता, शाळा, दुकान यांच्याही आधी या गावाला दप्तर मिळाले.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. रेड क्लाउड हा ओग्लाला लकोटा लोकांचा नेता. १८६६ ते १८६८ या काळात त्याने अमेरिकी सैन्याशी लढून त्याला किल्ले सोडायला लावले, आणि १८७० मध्ये तो वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथे आपले म्हणणे मांडून आला. गार्बरने गावाला नाव दिले ते त्यानंतरच्याच वर्षी, म्हणजे तेव्हा गाजत असलेल्या माणसाचे. पण रिपब्लिकन नदीचे हे खोरे त्याच्या लोकांची वसतिभूमी नव्हते. ते होते पॉनी लोकांचे, आणि पॉनी व लकोटा एकमेकांचे हाडवैरी होते. नदीचे नावही पॉनींवरूनच आलेले. त्यांच्या किटकेहाकी या शाखेला फ्रेंच व्यापारी 'रिपब्लिक' म्हणत, त्यावरून 'रिपब्लिकन पॉनी' आणि त्यावरून नदी रिपब्लिकन. याच वेब्स्टर काउंटीत, रेड क्लाउड आणि गाइड रॉक यांच्या दरम्यान नदीच्या दक्षिण तीरावर, त्यांचे मातीच्या घुमटाकार घरांचे मोठे गाव होते. १८०६ च्या सप्टेंबरमध्ये झेब्युलन पाइक हा लष्करी अधिकारी तेथे पोहोचला तेव्हा त्या गावात स्पेनचा ध्वज होता. तो उतरवून अमेरिकेचा लावायला त्याने पॉनींना राजी केले.

पुढचा भाग तारखांच्या भाषेत थोडक्यात सांगता येतो. १८३३ च्या तहाने पॉनींनी प्लॅट नदीच्या दक्षिणेचा मुलूख सोडून दिला, रिपब्लिकनचे खोरे त्यातच आले. तरी शिकारीसाठी ते या खोऱ्यात येत राहिले. १८७३ च्या ऑगस्टमध्ये याच नदीच्या खोऱ्यात, पश्चिमेला, शिकारीवर निघालेल्या पॉनींवर लकोटांनी हल्ला केला आणि सत्तरहून अधिक माणसे मारली गेली. मृतांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. त्यानंतर १८७४ ते १८७६ या दोन वर्षांत पॉनींना नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमाकडे जावे लागले. म्हणजे रेड क्लाउड गाव वसले तेव्हा पॉनी अजून नेब्रास्कात होते. ज्यांची भूमी होती त्यांच्या वैऱ्याचे नाव गावाला मिळाले, आणि आम्ही वर्गात त्याच माणसाच्या लोकांना तेथले मूळ रहिवासी करून टाकले! या गोष्टीला आणखी एक उपरोधाची कड आहे. पाइकने पाहिलेले ते गाव आपल्याच हद्दीत होते असे समजून कॅन्ससने १९०१ मध्ये आपल्याकडे स्मारकस्तंभ उभारला. पुढे १९२०-३० च्या दशकात ए. टी. हिल या मोटारविक्रेत्या हौशी संशोधकाने नेब्रास्कातील जागा विकत घेऊन उकरली आणि पुरावे तिच्या बाजूने गेले. ज्यांना येथून जावे लागले त्यांच्या गावाच्या मालकीसाठी दोन राज्ये भांडत होती.

कॅथर कुटुंबाची कथा याच वर्षांत सुरू होते. विला कॅथर यांचा जन्म १८७३ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियात झाला. त्यांचे काका त्याच वर्षी वेब्स्टर काउंटीत येऊन राहिले. १८८३ मध्ये नऊ वर्षांची विला आई-वडिलांबरोबर त्या माळावर आली आणि पुढच्याच वर्षी कुटुंब रेड क्लाउड गावात भाड्याच्या घरात राहू लागले. तोवर बर्लिंग्टन रेल्वे येऊन ठेपली होती. कॅन्सस सिटी ते डेन्व्हर हा मार्ग या गावावरून जाई. रेल्वे कंपनीला सरकारकडून मिळालेल्या जमिनी विकायच्या होत्या, त्यासाठी तिने युरोपात जाहिराती केल्या. बोहेमियातून, स्वीडनमधून, जर्मनीतून माणसे आली ती या जाहिरातींवर आणि आधी गेलेल्यांच्या पत्रांवर विसंबून. म्हणजे ज्या बहुभाषिक शेजाराला आपण कॅथर यांच्या कादंबरीचे वैभव म्हणतो, तो शेजार जमवण्यात जमीन विकणाऱ्या कंपनीचाही हात होता. 'माय आंतोनिया'चा निवेदक जिम बर्डन मोठेपणी काय करतो? तो एका मोठ्या रेल्वे कंपनीचा वकील असतो. हा तपशील प्रास्ताविकात येतो, म्हणून आपण तो विसरून जातो. ज्या यंत्रणेने हा प्रदेश घडवला तिच्या वकिलाच्या आठवणी आपण वाचत आहोत, हे वर्गात कितीदा सांगितले जाते?

कॅथर १८९० मध्ये लिंकन येथील विद्यापीठात शिकायला गेल्या आणि नंतर पिट्सबर्ग, न्यूयॉर्क असे करीत लांबच राहिल्या. गाव मात्र नवनवी नावे घेऊन परतत राहिले. 'ओ पायोनियर्स!' (१९१३) मध्ये ते हॅनोव्हर आहे, 'द साँग ऑफ द लार्क' (१९१५) मध्ये मूनस्टोन, नंतर ब्लॅक हॉक, 'अ लॉस्ट लेडी' (१९२३) मध्ये स्वीट वॉटर आणि 'ल्युसी गेहार्ट' (१९३५) मध्ये हॅव्हरफर्ड. मूनस्टोन तर त्यांनी कोलोरॅडोत नेऊन ठेवले, तरी वाचकांनी ते ओळखलेच.

आता मूळ मुद्दा. काउंटीचे दप्तर या कादंबऱ्यांच्या मागे पडद्यासारखे लटकत नाही, ते कथानकात शिरते. 'माय आंतोनिया'मधील सर्वांत करुण प्रसंग घ्या. आंतोनियाचे वडील, बोहेमियातून आलेले शिमेर्दा, ऐन हिवाळ्यात आत्महत्या करतात. बर्फाने वाटा बुजलेल्या आहेत आणि मुख्य गाव वीसेक मैलांवर. कॉरोनर येऊन पाहीपर्यंत प्रेताला हात लावता येत नाही. ते गोठलेले प्रेत दिवसेंदिवस गोठ्यात पडून राहते. या प्रसंगातील अवघडलेपणा आपण निसर्गाच्या क्रौर्याच्या खात्यात टाकतो. परंतु त्यातले निम्मे अंतर मैलांचे आहे आणि निम्मे कायद्याचे. माळावरच्या माणसाचे मरणही मुख्य गावच्या शिक्क्यावाचून पुरे होत नाही.

पुढे पुरण्याची वेळ येते. आत्महत्या केलेल्याला दफनभूमीत जागा मिळत नाही, म्हणून त्याला त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यावर, सेक्शनच्या रेषा जेथे मिळतात तेथे पुरतात. कधीतरी रस्ते होतील तेव्हा ते नेमके या थडग्यावर एकमेकांना छेदतील, हे सर्वांना ठाऊक असते. रस्ते होतात. पण थडग्यापाशी येऊन ते किंचित वळसा घेतात, आणि त्या छोट्या तुकड्यावर जुने उंच लाल गवत कोणी न कापता तसेच उभे राहते. ज्याला मोजणीची सरळ रेषा ठाऊक नाही त्याला हा वळसा म्हणजे एक हळवे वर्णन वाटेल. ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की शेकडो मैल न वाकलेली रेषा येथे एका परक्या, हरलेल्या माणसासाठी वाकली आहे. आमच्या मते संपूर्ण कादंबरीचे मर्म या वळशात आहे, आणि ते जमीनमोजणीचा इतिहास सांगितल्याशिवाय वर्गात पोहोचत नाही. हा प्रसंग ज्यांच्यावरून सुचला ते आंतोनियाच्या मूळ व्यक्तीचे वडीलही असेच सेक्शनच्या कोपऱ्यावर पुरले गेले होते.

तीच गोष्ट विक कटर या सावकाराची. तो गहाणावर पैसे देतो, शेतकऱ्यांना बुडवतो, आणि शेवटी बायकोला मारून स्वत:वर गोळी झाडतो. तेही असा हिशेब करून की बायको आधी मेली हे साक्षीदारांपुढे सिद्ध व्हावे आणि आपली मिळकत तिच्या माहेरच्यांकडे जाऊ नये. इतका भयंकर आणि इतका कोर्टकचेरीचा शेवट काउंटीच्या मुख्य गावातच सुचू शकतो. हे पात्रही रेड क्लाउडमधल्याच एका सावकारावरून घेतलेले आहे.

मग या दप्तराने ज्यांची नोंद केली नाही त्यांचे कादंबरीत काय होते? 'माय आंतोनिया'त एक जागा आहे. पहिले बर्फ पडते तेव्हा गवतात एक मोठे वर्तुळ फिकट उमटून दिसते, जेथे पूर्वी इंडियन घोडे फिरवीत. घरचे गडी म्हणतात, तेथे मध्ये खांबाला कैदी बांधून त्यांचा छळ होत असे. आजोबा म्हणतात, नाही, नुसत्या शर्यती होत असाव्यात. विषय तेथेच संपतो. 'अ लॉस्ट लेडी'तील कॅप्टन फॉरेस्टर हे पात्र सायलस गार्बरवर बेतलेले. तो आपल्या घरासाठी जी टेकडी निवडतो तेथे त्या वेळी इंडियनांचा तळ असतो. तो विलोची एक काठी जमिनीत ठोकून निघून जातो, आणि पुढे त्या काठीला पालवी फुटून झाड होते. वाचक त्या झाडाचे कौतुक करतो, तळाचे काय झाले हे कोणी विचारत नाही. चौरसांच्या या प्रदेशात पहिल्यांचा माग शिल्लक आहे तो वर्तुळाचा, आणि तोही बर्फ पडेल तेव्हाच दिसणारा.

येथे आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कादंबरी म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, लेखिकेला आजच्या नैतिकतेच्या पिंजऱ्यात उभे करणे हे समीक्षेचे काम नव्हे. आम्हांला ते करायचेही नाही. उलट आमचे म्हणणे असे की कॅथर यांनी ते वर्तुळ लिहिले, काठीपाशी तळ लिहिला, रेल्वेचा वकील निवेदक म्हणून निवडला. त्यांना जेवढे दिसले तेवढे त्यांनी प्रामाणिकपणे ठेवले आहे. ते न दिसण्याचा दोष आपल्या वाचनाचा आहे. 'प्रदेश हेच पात्र' असे म्हणून आपण प्रदेशाला गूढ आणि चिरंतन करून टाकतो, आणि चिरंतन गोष्टीला कोणी जन्मतारीख विचारत नाही. रेड क्लाउडला जन्मतारीख आहे, मोजमाप आहे, आणि त्याच्याआधी कोणीतरी होते.

आज त्या गावाची अवस्था काय आहे तेही सांगायला हवे. १९१० मध्ये वेब्स्टर काउंटीत बारा हजारांच्या आसपास माणसे होती, २०२० च्या जनगणनेत ती ३,३९५ उरली. रेड क्लाउडमध्ये ९६२. यंत्रांनी शेते मोठी केली, माणसे कमी केली. १९३५ च्या महापुरात रिपब्लिकनच्या खोऱ्यात शंभरहून अधिक माणसे दगावली. नंतर धरणे झाली, विहिरी झाल्या, आणि आता मोजणी जमिनीऐवजी पाण्याची चालते. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस यांच्यात १९४३ पासून नदीचा वाटपकरार आहे. त्यावरून कॅन्ससने १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने नेब्रास्काला पंचावन्न लाख डॉलर द्यायला लावले. या साऱ्यात गावाला आधार मिळाला तो कादंबऱ्यांचा. १९५५ मध्ये कॅथर यांच्या नावाने स्मारकसंस्था स्थापन झाली. १८८५ चे ऑपेरा हाउस दुरुस्त झाले. २०१७ मध्ये राष्ट्रीय विला कॅथर केंद्र उघडले. गावाच्या दक्षिणेस ६१२ एकर नांगर न लागलेला माळ त्यांच्या नावे राखून ठेवला आहे. रेल्वेने जमवलेले गाव आता वाचकांच्या येण्यावर तग धरून आहे, हे साहित्याच्या शिक्षकांना सुखावणारेच आहे. मात्र त्या सुखात एक धोका दडलेला आहे. कादंबरीने गाव वाचवले म्हणजे कादंबरीला दिसले तेवढेच गाव वाचते. १८७१ पूर्वीचे गाव पाहायला कोणी मुद्दाम गेले तरच दिसते.

आमच्या वर्गात यामुळे एक साधा बदल आम्ही केला आहे. प्रादेशिक कादंबरी शिकवायला घेण्यापूर्वी, मग ती नेब्रास्कातील असो वा आपल्या अभ्यासक्रमातील मराठी, विद्यार्थ्यांनी त्या प्रदेशाबद्दल तीन प्रश्नांची उत्तरे शोधून आणायची. ही जमीन कोणी मोजली? तिचे दप्तर कोणत्या गावी होते? आणि दप्तर सुरू होण्यापूर्वी येथे कोण राहत होते? उत्तरे दर वेळी पूर्ण मिळत नाहीत. पण त्यानंतर 'पार्श्वभूमी' हा शब्द विद्यार्थी जपून वापरतात, आणि आम्हीही.

ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला, तिला तेव्हा दिलेले उत्तर दुरुस्त करायचे राहून गेले. पुढच्या तासाला ती परीक्षेच्या नोट्स उतरवून घेत होती आणि आम्हांलाही अभ्यासक्रम पुरा करायचा होता. तिच्यापर्यंत हे पोहोचले तर उत्तर एवढेच आहे: नाही, त्याचे लोक तिथे राहत नव्हते. तिथे पॉनी राहत होते.